चौसष्ट गुलाबी चादरी

गुरुवारी दुपारी आत्या लॉन्ड्रीत आली ती स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःचा चहाचा थर्मास घेऊन. भावाच्या ऑफिसातल्या चहावर तिचा विश्वास नव्हता आणि भावाच्या टायपिंगवर तर मुळीच नव्हता. एकतीस वर्षं शाळेत, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढून ती निवृत्त झाली होती. तेव्हापासून घरातलं कुठलंही लेखी काम, मग तो तक्रारअर्ज असो की शोकसंदेश, तिच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

आज काम होतं शिफारसपत्राचं. भिंगरीला बिझनेस स्कूलला जायचं होतं. दोन वर्षांचा अभ्यास, विमानाने गाठावं लागेल असं शहर, आणि कॉलेज असं की शंभर जणांनी दार ठोठावलं तर आठ जणांना आत घ्यायचं. शिफारस करणारा उमेदवाराचा थेट साहेबच हवा, ही त्या लोकांची अट होती. आणि भिंगरीचे साहेब म्हणजे तिचे काका. तिचे वडील गेल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून लॉन्ड्री काका बघत होते आणि काकांना भिंगरी बघत होती.

"लिही," काका म्हणाले. ते उभे होते. बसून सांगायचं त्यांना जमत नसे. "मान्यवर महोदय, माझी पुतणी अत्यंत हुशार, मेहनती आणि कामाला चोख आहे."

"छान."

"सकाळच्या पाळीला अठरा माणसं आहेत. अठराच्या अठरा तिचं ऐकतात. माझं त्यातली नऊ ऐकतात. ती गेली तर ही लॉन्ड्री तीन महिन्यांत बसेल. सबब तिला प्रवेश देऊ नये, ही नम्र विनंती."

आत्याची बोटं थांबली. "हे शिफारसपत्र आहे की अडवणुकीचा अर्ज?"

"प्रामाणिकपणे लिहा असं त्यांनीच लिहिलंय ना वर? मग?"

"प्रामाणिकपणे लिहा म्हणजे मनातलं सगळं ओता असं नाही." तिने शेवटचं वाक्य पुसलं. "पुढचा प्रश्न ऐक. 'या उमेदवाराला तुम्ही एखाद्या चुकीबद्दल टोकलंत आणि तिने ते कसं घेतलं, असा एक प्रसंग सांगा.'"

काका खिडकीशी गेले. परत आले. टेबलावरचा स्टेपलर उघडला, पिना आहेत का बघितलं, मिटला.

"तो चादरींचा प्रकार आठवतो तुला? हॉटेलच्या?"

घरात कुणाला आठवत नव्हता! तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींच्या लोडमध्ये दरवानाचा लाल कोट गेला आणि चौसष्ट चादरी गुलाबी होऊन बाहेर आल्या. हॉटेलचा मॅनेजर स्वतः येऊन भर हॉलमध्ये ओरडून गेला. त्याच्यासमोर भिंगरी उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी. चादरी परत घ्यायला हॉटेल तयार नव्हतं, त्यामुळे तेव्हापासून या कुटुंबातल्या झाडून सगळ्या पलंगांवर गुलाबी चादरी होत्या. आत्या स्वतः त्यावरच झोपायची.

"हो, भिंगरीने कोट न बघता टाकला," आत्या म्हणाली. "मग तू टोकलंस तिला?"

"नाही टोकलं. कोट मी टाकला होता."

आत्याने थर्मासचं झाकण लावलं. नीट, शेवटपर्यंत फिरवून.

"चष्मा खिशात होता," काका म्हणाले. "मशीन थांबल्यावर दार उघडलं तर सगळं गुलाबी. पांढरे कपडे तिच्या हाताखाली असायचे, तिला वाटलं कोट आपल्याकडूनच बघायचा राहिला. मॅनेजरसमोर तिने लगेच अंगावर घेतलं. मी तोंड उघडणार होतो. आधी तो ओरडत होता म्हणून थांबलो, मग तो निघून गेला म्हणून थांबलो. मग जेवायची वेळ झाली. मग तीन वर्षं झाली."

"आणि पोरगी आजही समजते की चूक तिची?"

"हेच लिही. लिही की मी तिला कधी टोकलं नाही, उलट तिने माझी चूक निस्तरली. त्यानंतर तिने तीन रंगांच्या टोपल्या आणल्या, प्रत्येक लोडला दोन माणसांनी तपासायचा नियम केला, तेव्हापासून एक कपडा बिघडला नाही. लिही की माणूस म्हणून ती माझ्यापेक्षा मोठी आहे."

"हे तिला सांगितलंस?"

"त्यांना सांगतोय ना!"

"त्यांना? ज्यांचं तोंड तू आयुष्यात बघणार नाहीस त्यांना?"

"म्हणून तर सांगता येतंय," काका म्हणाले आणि प्रथमच खुर्चीत बसले. "पत्र गोपनीय असतं, वर लिहिलंय. उमेदवाराला दाखवायचं नाही. तू शपथ घे."

आत्याने शपथ घेतली. टाइप करताना तिला दोनदा चष्मा पुसावा लागला. मग तिने बटण दाबलं आणि पत्र गेलं.

---

रविवारी लॉन्ड्री बंद असे. बॉयलर थंड, ट्रॉल्या भिंतीला लावलेल्या. अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. इस्त्रीच्या हॉलमध्ये चादरींच्या घड्या घालायचं अठरा फुटी टेबल होतं. सगळं कुटुंब आणि सगळे कागद मावतील अशी दुसरी जागा कुणाच्याच घरात नव्हती, म्हणून दुपारी दोनला सगळे तिथे जमले.

भिंगरीची आई टेबलाच्या टोकाला बसली होती, आपल्या बाटल्यांजवळ. लॉन्ड्रीत येणारा प्रत्येक हट्टी डाग आधी तिच्यासमोर यायचा. शाई, रक्त, ग्रीस, लिपस्टिक, गंज. डाग बघून ती तो कुणी, कधी आणि किती घाईत पाडला हे सांगायची. माणसांबद्दल तिला जे कळायचं ते बहुतेक असंच कळायचं, आणि त्यातलं निम्मं ती पोटात ठेवायची.

"दोन निबंध आहेत," भिंगरीने सांगितलं. अठ्ठावीस वर्षांची, केस वर बांधलेले, पेन्सिल केसांत. लहानपणी स्पिनरच्या गोल काचेसमोर उभी राहून स्वतःभोवती गरागरा फिरायची, तेव्हापासून ती भिंगरी. "पहिला, मला तिथे का यायचंय. तो झालाय. दुसरा, माझं एक अपयश आणि त्यातून मी काय शिकले. तो वाचते. शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी कुणी काही बोलू नका."

"आधी पहिल्याचं बोलू," अण्णा म्हणाले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजोबांना सगळ्यात मऊ खुर्ची दिली होती, आणि ती आपल्याला म्हातारा समजून दिली आहे याचा त्यांना राग होता. "त्यात मी कुठे आहे?"

"दुसऱ्या परिच्छेदात आहात, अण्णा."

"दुसऱ्या? लॉन्ड्री काढली कुणी? एक इस्त्री, एक बादली आणि भाड्याचा जिना! जिन्याखाली उभा राहून इस्त्री करायचो. वाकून. माझी पाठ तेव्हाची अशी आहे. त्याने सुरुवात कर."

"तुमच्या पाठीने?"

"का? त्यांना धंदा म्हणजे काय ते कळेल. आणि मला एक सांग, धंदा शाळेत शिकवतात? मी शाळेत गेलो असतो तर कारकून झालो असतो."

"अण्णा, साडेतीन वाजून गेले," आत्या म्हणाली. हातात लाल पेन घेऊन ती तयारच होती. "वाच गं."

भिंगरीने घसा साफ केला. "'तीन वर्षांपूर्वी माझ्या निष्काळजीपणामुळे एका हॉटेलच्या चौसष्ट चादरी गुलाबी झाल्या.'"

आत्याच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळलं आणि खाली पडलं.

खरं तर ते पेन पडलं म्हणूनच आईने मान वर केली. नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला होता. दीर उठून उभे राहिले होते आणि बॉयलरकडे बघत होते, जणू तो थंड पडलाय हे त्यांना आत्ताच कळलं.

"'एक लाल कोट पांढऱ्या कपड्यांत गेला आणि तो मी बघितला नाही,'" भिंगरी वाचत होती. "'त्या दिवशी मला समजलं की नेतृत्व म्हणजे चुकीची जबाबदारी—'"

"थांब," आत्या म्हणाली. "हा प्रसंग बदल."

"का?"

"फार... गुलाबी आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कपड्यांवर घसरलीयस. तुझ्याबद्दल काही कळत नाही. दुसरं अपयश घे. गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा नापास झालीस ते घे."

"त्यातून काय शिकले? रिक्षा?"

"नववीत गणितात सदतीस पडले होते ते घे. पेपर मी तपासला होता, मला पक्कं आठवतंय."

आईला गंमत वाटली. तीस वर्षांत नणंदेचं आणि तिचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. पडद्यांच्या रंगावरही नाही. आणि आज नेमकं तिला जे म्हणायचं होतं ते नणंद म्हणत होती. कारण आईला तीन वर्षांपासून माहीत होतं. चादरी गुलाबी झाल्या त्याच संध्याकाळी दिरांचा शर्ट तिच्याकडे आला होता. बाह्यांना कोपरापर्यंत गुलाबी रंग, खिशात पितळेचं एक मोठं बटण, दरवानाच्या कोटाचं. चुकीचा कोट घाईघाईने मशीनमधून ओढून काढणाऱ्या माणसाचा शर्ट जसा होतो तसाच. तिने रंग काढला, बटण डब्यात टाकलं आणि कुणाला काही बोलली नाही. लेकीने ज्या तडफेने चूक अंगावर घेतली होती, तिचा मान जाऊ नये म्हणून.

पण मॅनेजरला खोटं सांगणं वेगळं आणि कागदावर स्वतःच्या नावाने खोटं लिहून देणं वेगळं.

"ताईंचं बरोबर आहे," आई म्हणाली. "चादरींचं नको."

आत्याने चमकून तिच्याकडे बघितलं. "तुला का नको?"

"तुम्हाला का नको?"

"मी... शैलीसाठी म्हणतेय."

"मीही शैलीसाठीच."

"तुला शैली कधीपासून कळायला लागली?"

"आई! आत्या!" भिंगरीने कागद खाली ठेवले. "तीन आठवडे घासतेय मी हे. काका, तुम्ही तरी सांगा यांना."

काका बॉयलरपासून हलले नव्हते. "अगं, खरंच, चादरींचं कशाला? जुनं झालं ते. लोक विसरले."

"लोक विसरले? आपण सगळे त्यावर झोपतो!"

"मला गुलाबी आवडतो," अण्णा म्हणाले.

---

आत्याने भावाला कोपरापाशी धरलं आणि वॉशरच्या रांगेमागे नेलं. सहा मोठी मशीन, सहा गोल काचा. काकांना सहाही काचांत बहीण दिसत होती.

"तिच्या निबंधात कोट तिने टाकला. तुझ्या पत्रात तू टाकलास," आत्या कुजबुजली. "दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर जाणार. तो काय समजेल?"

"काय समजेल?"

"दोघांपैकी एक जण खोटारडा आहे. आणि प्रवेश तुला नको आहे, तिला हवाय. मग तो कुणाला खोटारडं धरेल?"

काकांनी मशीनच्या दारावर हात ठेवला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. गेले तीन दिवस त्यांना इतकं हलकं वाटत होतं की शुक्रवारी त्यांनी पॅकिंगवाल्या बाईंना शिट्टी वाजवून दाखवली होती. आपण खरं सांगून टाकलं, दूर कुठेतरी एक माणूस ते वाचेल आणि मान डोलावेल, आणि संपलं. एवढाच त्यांचा हिशेब होता.

"पत्र परत मागवता येईल?"

"ते काय इस्त्रीला दिलंय परत मागवायला? गेलं ते. तू बाहेर जा आणि सांग तिला."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय, तिकडच्या लोकांकरवी कळवायचं?"

"तू सांग ना, ताई. तू मुख्याध्यापिका होतीस. तुला वाईट बातम्या सांगायची सवय आहे."

"मी शपथ घेतलीय!"

"मी सोडवतो तुला शपथेतून."

"मला नको सुटका," आत्या म्हणाली. "लहानपणी बाबांच्या घड्याळाची काच तू फोडलीस आणि मीच सांगितलं अण्णांना की मांजराने फोडली. तेव्हापासून तुझं सगळं असंच चाललंय. या वेळी मी मांजर आणणार नाही."

"बाबा आणि अण्णा एकच आहेत."

"घाईत आहे मी! समजलं ना तुला?"

काका बाहेर यायला निघाले. चार पावलं टाकली, मग पाणी प्यायला थांबले. मग ग्लास विसळला. तो पुसायला फडकं शोधत असतानाच हॉलमधून अण्णांचा आवाज आला. अण्णांना आजकाल कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे.

"पण मला एक कळत नाही," अण्णा म्हणत होते. "कोट तर याने टाकला होता. मग पोरगी आपलं नाव का लिहितेय?"

---

भिंगरीने केसांतली पेन्सिल काढली आणि टेबलावर ठेवली.

"अण्णा, तुम्हाला कसं माहीत?"

"मी बघितलं ना. तिथे पोत्यांवर बसलो होतो."

"आणि बोलला नाहीत?"

"डॉक्टरने तेव्हा मला लॉन्ड्रीत यायला बंदी केली होती. मी मागच्या दाराने आलो होतो. बोललो असतो तर तुझ्या आईने मला घरी हाकललं असतं." अण्णांनी सुनेकडे अपराधी नजरेने बघितलं. "चांगला मोठा कोट होता. लालभडक. मला वाटलं, याला माहीत असेल काय करतोय ते. मालक आहे."

काका ग्लास हातात घेऊन ट्रॉल्यांजवळ उभे होते. भिंगरी वळली. त्यांचा चेहरा बघून तिचा पहिला विचार असा आला की आता यांना सावरायला हवं.

"काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती घाईने म्हणाली. "तुम्हाला दिसला नसेल. मला तेव्हाच कळलं होतं. लोड कुणी भरला त्या कार्डावर तुमची सही होती. तुम्हाला कळू नये म्हणूनच मी—"

"तुला माहीत होतं?"

"हो. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"मला माहीत होतं. मला वाटलं तुला माहीत नाही!"

"म्हणजे तुम्हाला माहीत असून तुम्ही मला तीन वर्षं..." तिचा आवाज चढला. "मॅनेजरची बोलणी मी खाल्ली! दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर मी 'चादरीवाली' झाले! पॅकिंगवाल्या बाई अजून लाल रुमाल दिसला की माझ्याकडे बघतात!"

"मीही माहीत असून गप्प होते," आई हळूच म्हणाली. "शर्टावरून कळलं होतं."

"आई!"

"मला गुरुवारी कळलं," आत्या म्हणाली. "पण मी शपथेवर आहे, त्यामुळे मी काही बोललेली नाही."

"शपथ कसली?"

मग शिफारसपत्राचं निघालं. काकांनी स्वतःच सांगितलं. सरळ नाही सांगता आलं. ग्लास या हातातून त्या हातात घेत, मधेच टोपल्यांचं कौतुक करत, मधेच हॉटेलच्या मॅनेजरला नावं ठेवत. पण सांगितलं. शेवटी म्हणाले, "मला लाज वाटत होती गं. तुझा बाप असता तर तेव्हाच ओरडून म्हणाला असता, मूर्खा, चष्मा लाव. आता इथे मालक मी, मला कुणी म्हणत नाही. आणि तू पुढे झालीस तेव्हा मला आधी काय वाटलं माहितीये? बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. ते मला अजून सहन होत नाही."

भिंगरीला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम करता येत नसल्यामुळे ती नुसतीच उभी राहिली. तिला आठवलं, टोपल्या आणल्यावर काकांनी त्या कधी वापरल्या नाहीत. तिला वाटायचं हट्ट म्हणून. नियम कशासाठी केलाय हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? सांगायचं तर चूक कुणाची ते निघालं असतं. मग ती रोज सकाळी अर्धा तास लवकर यायची आणि काकांनी भरलेले लोड गुपचूप उपसून पुन्हा तपासायची. तीन वर्षं. सुट्टी न घेता. त्यालाच ती आपलं काम समजत होती.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"चार वाजून सहा मिनिटं," आत्या म्हणाली. "निबंध बदलायला चोपन्न मिनिटं आहेत."

"गणिताचं लिही," आई म्हणाली.

"जिन्याखालचं लिही," अण्णा म्हणाले. "ती इस्त्री माझ्याकडे अजून आहे. फोटो जोडता येतो का?"

"माझं नाव घालून लिही," काका म्हणाले. "सगळा दोष माझ्यावर टाक. मोठ्या अक्षरात."

"सगळे गप्प बसा!"

अठरा माणसांच्या पाळीला ती ज्या आवाजात थांबवायची त्याच आवाजात ती म्हणाली, आणि चौघेही बसले. काका तर ट्रॉलीतच बसले. ती लॅपटॉप घेऊन आईच्या बाटल्यांपाशी गेली, पाठ फिरवली आणि लिहायला लागली.

पहिलं वाक्य लगेच आलं. *कोट मी टाकला नव्हता. माझं अपयश त्यानंतर सुरू होतं.* मग ती लिहीत गेली. एका चांगल्या माणसाला खरं झेपणार नाही असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यामुळे त्या माणसाला सुधारायची संधीच मिळाली नाही, आणि तिला एकही सुट्टी. नियम केला पण कारण लपवलं, म्हणून नियम अर्धाच चालला. नेतृत्व हा शब्द तिने कुठेही वापरला नाही. शेवटी तिने लिहिलं, *मी काय शिकले ते मला अजून नीट माहीत नाही, कारण ही गोष्ट मला पाऊण तासापूर्वी कळली आहे. हा निबंध लिहिताना माझे काका, आई, आत्या आणि आजोबा माझ्या मागे बसलेले आहेत आणि श्वाससुद्धा हळू घेत आहेत.*

पावणेपाचला तिने स्क्रीन आत्यासमोर धरला. आत्याने लाल पेन उचललं, वाचत गेली, शेवटपर्यंत. पेनाचं टोपण लावलं.

"'सुट्टी'तला टकार एकदा बघ," ती म्हणाली. "बाकी हात लावू नकोस."

चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी अर्ज गेला. पडद्यावर 'मिळाला' असं आलं. कुणीच उठेना.

"आता काय?" काकांनी ट्रॉलीतून विचारलं.

"आता ते बोलावतात का बघायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर सोमवार आहेच," भिंगरी म्हणाली. "आणि उद्यापासून मी साडेसहाला येणार नाही. सातला येईन. तुमचा लोड तुम्ही पॅकिंगवाल्या बाईंकडून तपासून घ्यायचा. निळी टोपली, पांढरी टोपली, लाल टोपली. का, ते आता माहितीये तुम्हाला."

"माहितीये," काका म्हणाले आणि ट्रॉलीतून बाहेर यायची धडपड करायला लागले. आई आणि आत्या दोघींनी मिळून त्यांना दोन्ही हातांना धरून ओढून काढलं. ते बाहेर आले तेव्हा दोघीही हसत होत्या. या दोघी एकाच वेळी, एकाच कारणासाठी हसताना अण्णांनी कधी पाहिल्या नव्हत्या, म्हणून तेही हसले.

---

मुलाखत झाली सहाव्या आठवड्यात, लॅपटॉपवर, ऑफिसच्या दाराला आतून कडी लावून. समोरच्या बाईंनी धंद्याबद्दल बरंच विचारलं. शेवटी म्हणाल्या, अर्ज आणि शिफारसपत्र एकमेकांना एवढं धरून असलेलं आम्ही सहसा बघत नाही. तुम्ही आधी ठरवून लिहिलंत का? भिंगरी इतकी हसली की तिला उत्तर देता येईना, आणि बाहेर दाराला कान लावलेल्या आत्याने कपाळावर हात मारला.

आणि अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी साडेदहाला, पाळी ऐन भरात असताना तिचा फोन थरथरला. सहाही वॉशर चालू होते. रोलरमधून चादरी येत होत्या, पॅकिंगवाल्या बाई ट्रॉली ढकलत ओरडत होत्या. भिंगरीने पडद्यावरच्या ओळी दोनदा वाचल्या. मग ती हॉल ओलांडून काकांपाशी गेली. ते पांढऱ्या टोपलीतले कपडे एकेक करून उलटेपालटे करून बघत होते.

"काका, झालं!"

"काय?"

"झालं! घेतलं मला!"

"कुणी घेतलं? काय घेतलं?" त्यांनी कानामागे हात धरला. स्पिनर सुरू झाला आणि तिचा आवाज त्यात पार बुडाला. तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू येत नाही. तिने फोन पुढे केला, पण त्यांनी फोनकडे बघितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

मग ते भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

एकेक करून सगळं थांबलं. आधी रोलर, मग वॉशर, सगळ्यात शेवटी स्पिनर, कण्हत कण्हत. अठरा माणसं जिथल्या तिथे उभी राहिली. आई डागांच्या टेबलावरून उठली. कामाच्या वेळेत ही लॉन्ड्री अशी शांत झालेली त्यांच्यातल्या कुणी ऐकली नव्हती. कुठेतरी एका मशीनमधून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

काका परत आले. हात शर्टाला पुसले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "आता सांग. सावकाश सांग."

तिने सांगितलं.